बिदर ते अष्टूर, सायकलीवरून

बिदरला आजवर किती वेळा गेले, याचा हिशोब नाही. लग्नाचा बस्ता, दवाखाना, नानक झिऱ्याचे दर्शन, काही ना काही निमित्त निघतेच. पण गेल्या पौषातल्या एका रविवारी जे बिदर पाहिले, ते याआधी कधी दिसले नव्हते. त्या दिवशी मी सायकलीवर होते. वय वर्षे पन्नास, नऊवारी नाही पण साडीच, पदर कमरेला खोचलेला.

पुतणी बिदरला कॉलेजात शिकते. तिने मैत्रिणीची सायकल माझ्यासाठी मागून आणली होती. सकाळी साडेसहाला चौबाऱ्यापासून निघालो. दुकाने बंद, रस्ता मोकळा. थोडे पुढे गेल्यावर महमूद गवानचा मदरसा आला. १४७२ सालची ही इमारत १६९६ च्या स्फोटात अर्धी गेली. उरलेल्या भिंतीवरच्या निळ्या फरशा रिक्षातून कधी नीट दिसल्याच नाहीत. सायकल कडेला लावून पाच मिनिटे पाहत उभे राहिलो. सायकलीचे हे एक बरे, थांबायला कुणाला विचारावे लागत नाही.

अष्टूर गावापासून तीन-एक किलोमीटर. वाटेत हजरत खलीलुल्लाह यांची चौखंडी लागते. पुढे बहमनी सुलतानांचे घुमट एका रांगेत उभे. हुमायूनचा घुमट वीज पडून अर्धा ढासळला, तो तसाच आहे. अहमदशाह वलीच्या घुमटात आतून रंगीत नक्षी आणि सोनेरी अक्षरे आहेत. याच सुलतानाने गुलबर्ग्याची राजधानी बिदरला आणली. त्याच्या उरुसाला मड्याळचे जंगम पायी चालत येतात. मुसलमान त्याला वली मानतात, लिंगायतही आपला मानतात. आपल्या भागाची ओळख सांगायला यापेक्षा वेगळे उदाहरण नको.

येताना चढ लागला. मी उतरून सायकल हातात धरून चालू लागले. पुतणी पुढून ओरडली, "काकू, तुळी! तुळी!" मराठीत आपण सायकल चालवतो किंवा मारतो, कन्नडमध्ये ती तुळतात, म्हणजे तुडवतात. दम लागल्यावर कन्नड शब्दच खरा वाटतो.

आता ही काकू पन्नाशीत सायकलीवर कशी बसली, ते सांगते.

माझे माहेर उदगीर, सासर भालकी तालुक्यातले. १ नोव्हेंबर १९५६ च्या आधी ही दोन्ही गावे एकाच बिदर जिल्ह्यात होती. पुढे उदगीर महाराष्ट्रात गेले, भालकी म्हैसूर राज्यात आली. माझे वडील तरुणपणी उदगीरहून भालकीला सोयऱ्यांकडे सायकलीने येत. राज्य बदलले, पण सायकलीला काही परमिट लागले नाही, असे ते हसून सांगत. आम्ही बहिणी मात्र सायकलीला हात लावायच्या नाहीत, असा घरचा दंडक. भाऊ तासावर भाड्याची सायकल आणून नळीखालून पाय घालून शिकले. आम्ही ओट्यावरून बघत बसलो.

कर्नाटक सरकारने २००६-०७ पासून सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या आठवीच्या मुलामुलींना फुकट सायकली द्यायला सुरुवात केली. आमच्या पुतणीलाही आठवीत सायकल मिळाली. त्याच्या जोरावर तिने दहावीपर्यंत हायस्कूल गाठले. २०२० साली कोरोना आला, शाळा बंद, बस बंद. सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या. भालकी सहा किलोमीटर. घरातले पुरुष बाहेरगावी अडकलेले. शेवटी पुतणी गेली आणि गोळ्या घेऊन आली. त्या रात्री मला झोप लागली नाही. घरात सायकल आहे, हातीपायी धड आहे, आणि मी पोरीची वाट पाहत दारात उभी.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या मैदानावर गेलो. सासूबाई म्हणाल्या, "ई वयस्सिनल्लि याके?" पण थोड्या वेळाने त्याच कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. "काकू, चाकाकडे बघू नका, लांब बघा," एवढाच पुतणीचा धडा. दोनदा पडले, गुडघा सोलला. नवव्या दिवशी मैदानाला एक फेरी मारली. मग शेजारच्या दोघी आल्या, मग आणखी तिघी. सहा बायका, एक सायकल.

हे काही आम्हीच पहिल्यांदा केले नाही. तामिळनाडूतल्या पुदुकोट्टै जिल्ह्यात १९९१ मध्ये साक्षरतेची चळवळ सुरू झाली. तिथल्या जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी साक्षरतेच्या वर्गांना सायकल शिकण्याची जोड दिली. शेतमजूर, खाणीत दगड फोडणाऱ्या, नर्स, अंगणवाडी सेविका, सगळ्या शिकल्या. दीड वर्षात लाखाहून जास्त बायका सायकल चालवू लागल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिले आहे. बायकांच्या सायकली पुरेनात, तेव्हा त्यांनी पुरुषांच्या घेतल्या, आणि पुढच्या नळीवर मूल बसवता येते म्हणून त्याच बऱ्या म्हणाल्या! बिहारमध्ये २००६ पासून नववीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे दिले गेले. अभ्यासकांनी मोजले, तेव्हा मुलींचे हायस्कूलमधले नाव नोंदणे ३२ टक्क्यांनी वाढलेले आढळले, आणि शाळा तीन किलोमीटर किंवा अधिक लांब असलेल्या गावांत फरक सर्वांत मोठा होता.

आपल्याकडे मात्र कोरोनाच्या काळात सायकलवाटप थांबले. जून २०२३ पासून बायकांना बसचे तिकीट माफ झाले, हे फार चांगले झाले. पण बस तिच्या वेळेला येते आणि फाट्यावर थांबते. फाट्यापासून वस्ती, वस्तीपासून शेत, हे अंतर आपल्यालाच काटायचे असते.

आणि एक गोष्ट मी आमच्याच गावात मोजली. वाटलेल्या किती सायकली पत्र्याच्या शेडमध्ये गंजत पडल्या आहेत! कुणाची ट्यूब गेली, कुणाची चेन तुटली, कुणाच्या चाकाला आउट आला. दुरुस्ती शंभर-दोनशेची, पण दुकान भालकीला. मुलगी दहावी झाली की सायकलीवर कडब्याच्या पेंढ्या येतात, मग कोंबड्या बसतात. सरकारने सायकल दिली, म्हणजे काम अर्धेच झाले. शिकवणे, दुरुस्त ठेवणे आणि सोबत देणे, हे उरलेले अर्धे गावाने करायचे आहे.

आम्ही काय करतो, तेवढे सांगते. रविवारी सकाळी तासभर शाळेचे मैदान फक्त बायका-मुलींसाठी. उन्हाळ्यात सहाच्या आत, कारण कलबुर्गी-बिदरचे ऊन सगळ्यांना ठाऊक आहे. बचत गटाच्या पैशांतून एक पंप, पाने, पंक्चरचे सोल्युशन आणि ठिगळे घेतली. गावातल्या एका पोराला भालकीच्या मिस्त्रीकडे आठवडाभर बसवून काम शिकवले. हायस्कूलच्या मुली एकटीदुकटी न जाता घोळक्याने निघतात. पावसाळ्यात काळी माती मडगार्डमध्ये अडकून चाक फिरत नाही, म्हणून तेवढे चार महिने मडगार्ड काढून ठेवतात. ही युक्ती मुलींचीच.

या जूनमध्ये आमच्या गल्लीतल्या एका मुलीचे नाव सातवीनंतर काढायचे ठरले होते. हायस्कूल साडेचार किलोमीटर, बसची वेळ जुळत नाही, आणि घरी धाकटी भावंडे. तिची आई आमच्या सहाजणींतली. ती काही बोलली नाही. पुतणीची जुनी सायकल घेऊन गेली, टायर बदलून घेतले, आणि पहिले आठ दिवस स्वतः भाड्याच्या सायकलीवर लेकीबरोबर शाळेपर्यंत गेली. आता मुलगी घोळक्यातून जाते. नाव शाळेत आहे.

वाचकहो, आपल्या घराच्या मागे, माळ्यावर, शेडमध्ये एखादी सायकल असेलच. कोंबड्या उठवा, हवा भरून बघा. शिकायला वय लागत नाही, मैदान लागते आणि मागून धरणारे एक माणूस. आलंद, अफझलपूर, हुमनाबाद, औराद, कुठेही असा. आणि चालवता आली की एका रविवारी अष्टूरला या. चढावर उतरून ढकलली तरी कुणी हसत नाही.