दोन्ही टोकांची साक्ष

नेटवर्क पूर्ण बंद पडलं की आमचं काम त्या मानाने सोपं असतं. केबल उंदराने कुरतडलेली असते नाहीतर पोर्ट जळालेला असतो. कारण सापडतं, बदलायचं ते बदलतो, घरी जातो. जळगाव-धुळे पट्ट्यात फिरणाऱ्या आमच्यासारख्यांना घाम फोडते ती दुसरीच तक्रार: "चालू तं शे भो, पन हळू."

जळगावच्या एमआयडीसीतल्या डाळ मिलमध्ये ही तक्रार हमखास वजनकाट्यावरून येते. काटा फाटकाजवळ, ऑफिस आणि सर्व्हर पार आत. तांब्याच्या केबलची मर्यादा १०० मीटर, म्हणून मध्ये फायबर टाकतात आणि दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर बसवतात. सकाळी एखाद-दुसरी गाडी असते तोवर पावती चटकन निघते. दुपारी हरभऱ्याच्या ट्रकांची रांग लागते, त्याच वाटेने कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंगही चाललेलं असतं, आणि मग पावती अडकते. पिंग केलं तर उत्तर लगेच येतं. स्विचवर हिरवा लाइट लुकलुकत असतो. शेठ म्हणतात, "स्विच बदलून टाका."

अशा वेळी माझा पहिला संशय ड्युप्लेक्सवर जातो. १९७३ मध्ये झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट मेटकाफ यांनी इथरनेटची कल्पना मांडली, तेव्हा सगळी यंत्रं एकाच तारेवर होती. आधी ऐकायचं, तार मोकळी असेल तर बोलायचं, टक्कर झाली तर थांबून पुन्हा बोलायचं, असा रिवाज. हाफ ड्युप्लेक्स अजून तोच पाळतो. फुल ड्युप्लेक्सला ऐकत थांबायची गरजच नाही; जाण्याचा आणि येण्याचा मार्ग वेगळा. चाळीसगाव-धुळे गाडीने गेलेल्यांना हे समजावणं सोपं जातं: तिथे रूळ एकच, समोरून गाडी येत असेल तर आपण स्टेशनात थांबायचं. जळगाव-भुसावळला तशी वेळ येत नाही. आता एका टोकाचा स्टेशनमास्तर मार्ग एकेरी समजतो आणि दुसरा दुहेरी, असं झालं तर? गाड्या कमी असतील तर काही कळणारही नाही. गर्दी झाली की कळेल.

हा घोळ बहुतेक वेळा चांगल्या हेतूने झालेला असतो. १९९५ मध्ये १०० मेगाबिटचं प्रमाण आलं, त्यातच दोन यंत्रांनी वेग आणि ड्युप्लेक्स आपसात ठरवायची सोय होती. सुरुवातीच्या काही कार्डांना ते धड जमेना, म्हणून जुन्या लोकांनी '१०० फुल' कायम करून टाकायची सवय लावून घेतली. कार्डं सुधारली, सवय राहिली. एका टोकाला, समजा कन्व्हर्टरवर, सेटिंग कायम केलं की बहुतेक यंत्रं वाटाघाटीच बंद करतात. 'ऑटो'वर असलेल्या दुसऱ्या टोकाला सिग्नलवरून वेग ओळखता येतो, पण ड्युप्लेक्स कळायला काही मार्ग नसतो. नियम सांगतो, कळलं नाही तर हाफ धर. ते हाफ धरतं, आणि अगदी नियमाने वागून घोटाळा करतं.

तपासायचं कसं? मॅनेज्ड स्विच असेल तर पोर्टची स्थिती बघायची. सिस्कोच्या यादीत ड्युप्लेक्सच्या रकान्यात 'ए-हाफ' दिसलं की मी खुर्ची ओढून बसतो. त्यातला 'ए' म्हणजे आपोआप ठरलेलं. मग चुकांचे आकडे शून्यावर आणायचे, एखादी जड फाइल कॉपी करायची आणि पुन्हा बघायचं. हाफच्या टोकाला उशिराच्या टकरी, म्हणजे लेट कोलिजन, वाढतात; फुलच्या टोकाला सीआरसीच्या, म्हणजे मोडक्या पॅकेटांच्या, चुका. नुसत्या सीआरसी दिसल्या तर केबलवरही संशय घ्यावा. पण ही जोडी एकत्र दिसली की प्रकरण जवळजवळ मिटलं. म्हणून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायचंच, मे महिन्यात पत्र्याच्या शेडमधून जावं लागलं तरी. तिथे साधा स्विच असेल तर तो बोलत नाही. मग कॉम्प्युटरला विचारायचं. विंडोजची स्टेटस खिडकी फक्त वेग सांगते, ड्युप्लेक्सचं सेटिंग बघायला कार्डाच्या प्रॉपर्टीत शिरावं लागतं. लिनक्सवर 'इथटूल' दोन्ही सांगतं.

गिगाबिट आल्यावर हे बरंच कमी झालं. १९९९ च्या प्रमाणात तांब्याच्या केबलवर वाटाघाटी सक्तीचीच केली आहे. तिथली तक्रार निराळी: गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटचं दोन जोड्यांवर भागतं. क्रिम्पिंगमध्ये एक तार सैल राहिली की काही कार्डं गुपचूप १०० वर उतरतात. लाइट तरीही लागलेलाच.

माझा नियम साधा आहे. ठरवायचं तर दोन्ही टोकांनी ठरवायचं, नाहीतर दोन्हीकडे 'ऑटो' ठेवायचं. आणि जे ठेवलं ते दोन्हीकडे चिठ्ठीवर लिहून चिकटवायचं, कारण पुढचा माणूस एकाच टोकाला येणार असतो.

राहतो बिलाचा प्रश्न. "काही बदललं नाही, मग पैसे कशाचे?" असं विचारतात, आणि विचारणाऱ्याच्या जागी ते रास्तही आहे. म्हणून मी आधीचे आणि नंतरचे आकडे छापून बिलासोबत देतो. नवा स्विच विकला असता तर तोही कारखान्यातून 'ऑटो'वरच आला असता, कन्व्हर्टर कायमच '१०० फुल'वर राहिला असता, आणि मोठं बिल भरूनही ट्रकांची रांग तशीच लागली असती.