घड्याळाला आजींचं बसणं कळेल का?

घरात आई किंवा सासूबाई एकट्या असल्या की बाहेरगावच्या मुलांच्या मनात एकच धास्ती असते. न्हाणीघरात पाय घसरला, तर कळणार कुणाला? ही धास्ती काही अगदीच उगाच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पडल्यामुळे जगात दरवर्षी ६ लाख ८४ हजार माणसं दगावतात, आणि त्यांत सर्वाधिक संख्या साठीपुढच्यांची असते.

म्हणूनच पडणं ओळखणारी घड्याळं आता वडीलधाऱ्यांना भेट म्हणून दिली जाऊ लागली आहेत. अ‍ॅपलच्या घड्याळात ही सोय २०१८ साली आली. माणूस जोरात पडला आणि मिनिटभर हललाच नाही, तर ते घड्याळ आपण होऊन मदतीसाठी फोन लावतं.

जबलपूरहून कटनीकडे निघालं की वाटेत पनागर लागतं. हा सगळा भाग मटारासाठी नावाजलेला. जबलपूर परिसरात मराठी घरं पिढ्यान् पिढ्या नांदत आली आहेत. दाराबाहेर हिंदी आणि उंबऱ्याच्या आत मराठी. अशाच एखाद्या घरातल्या सत्तरीच्या आजी डोळ्यांपुढे आणा. मुलगा पुण्याला, मुलगी बंगळूरला. दिवाळीत आलेला मुलगा आईच्या मनगटावर घड्याळ बांधतो.

‘‘अरे, वेळ मला भिंतीवरच्या घड्याळात दिसते की!’’ आजी म्हणतात.

‘‘आई, हे तू बघायचं नाही. हे तुझ्याकडे बघणार आहे.’’

बघणार म्हणजे कसं? त्याला डोळे नाहीत. आत सिलिकॉनचा एक अतिसूक्ष्म तुकडा बारीक स्प्रिंगांवर तोललेला असतो. हात हलला की तोही किंचित सरकतो आणि ते सरकणं तीन दिशांमध्ये मोजलं जातं. पृथ्वीचं खेचणं तर त्याला सतत जाणवत असतं. त्यावरून हात उभा आहे की आडवा, याचाही अंदाज येतो. आजी दळण निवडोत की देवाला फुलं वाहोत, घड्याळापर्यंत पोहोचतात ते फक्त आकडे, एका सेकंदात कित्येक.

या आकड्यांचा अर्थ लावायचं काम ‘न्यूरल नेटवर्क’ करतं. मेंदूतल्या पेशींच्या जाळ्यावरून नाव पडलेली ही एक गणिती रचना. तिला नियम सांगायचे नसतात, उदाहरणं दाखवायची असतात. हे चालणं, हे जिना चढणं, हे आडवं होणं, असं हजारो वेळा दाखवलं की तिला हळूहळू फरक उमगू लागतो. लहान मूल ‘काऊ’ आणि ‘चिऊ’ ओळखायला शिकतं, तसंच काहीसं.

पण असं जाळं मोठं असलं की त्याला मोठा संगणक लागतो, वीजही लागते. घड्याळात दोन्हींचा तुटवडा. आकडे दूरच्या संगणकाकडे पाठवावेत, तर आजींच्या न्हाणीघरात नेटवर्क मिळेलच असं नाही. शिवाय आजी किती वाजता उठल्या, रात्री कितीदा उठल्या, याचा हिशेब परक्यांकडे का जावा? म्हणून जाळंच हलकं करतात. ज्या जोडण्यांचा फारसा उपयोग नाही त्या काढून टाकायच्या, उरलेले आकडे थोडक्यात लिहायचे. पनागरच्या आजींना हे एका वाक्यात कळेल: शेंगा सोलल्या की पोतंभर ओझ्यातून टोपलीभर दाणे उरतात, भाजी दाण्यांचीच होते.

या कामात आपल्या देशाचाही वाटा आहे. बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये मनिक वर्मा, प्रतीक जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यंत्राला शिकवण्याच्या अशा आटोपशीर पद्धती तयार केल्या. २०१७ सालची ‘बोन्साय’ ही पद्धत अवघ्या २ किलोबाइट स्मृतीत चालते; तेवढ्या जागेत हा लेखसुद्धा मावणार नाही. २०१८ साली तिथूनच ‘फास्टजीआरएनएन’ हे चिमुकलं न्यूरल नेटवर्क पुढे आलं. माणसाची हालचाल ओळखण्याचं कामही ते काही किलोबाइटमध्ये करून दाखवतं. २०१९ साली तिथल्या संशोधकांनी दृष्टिहीनांच्या पांढऱ्या काठीला अडकवायचं एक लहानसं यंत्र मांडलं. काठी दोनदा आपटली किंवा गर्रकन फिरवली की खिशातला फोन आज्ञा पाळतो.

मग अडतं कुठे? अडतं ते उदाहरणांपाशी. इटलीतल्या जेनोआच्या संशोधकांनी २०१३च्या सुमारास जाहीर केलेला हालचालींचा एक संग्रह जगभर वापरला जातो. त्यात ३० जणांच्या कमरेला फोन बांधून सहा गोष्टी नोंदल्या आहेत: चालणं, जिना चढणं, जिना उतरणं, बसणं, उभं राहणं आणि आडवं होणं. ही सारी माणसं १९ ते ४८ वयाची. सत्तरीचं त्यात कुणी नाही. मांडी घालून बसणं नाही, उकिडवं बसणं नाही, गुडघ्यावर हात टेकून ‘आई गं’ म्हणत उठणं नाही.

आणि आजींचा दिवस तर यातच जातो! पाटावर बसताना गुडघा दगा देतो, त्या शेवटच्या वितीला धपकन टेकतात. घड्याळाला ते पडणं वाटू शकतं. उलट, चक्कर आल्यावर भिंतीला धरून हळूहळू खाली घसरल्या, तर जोराचा आघात नसल्यामुळे तेच घड्याळ गप्प राहू शकतं. सगळी पडणी आपल्याला ओळखता येत नाहीत, हे अशी घड्याळं बनवणारेही सांगतात. चार वेळा उगाच बोंब झाली की आजी ते काढून कपाटात ठेवतील. कपाटातलं घड्याळ कुणाच्याच कामाचं नाही.

यावर उपाय आहे. ज्यांच्यासाठी यंत्र करायचं, त्यांच्याच हालचाली त्याला दाखवायच्या. आपल्या वृद्धांचं बसणं-उठणं नोंदण्याचं काम आपल्याकडच्या महाविद्यालयांतल्या मुलामुलींनाही करता येण्याजोगं आहे. मात्र नोंद करण्याआधी आजींची परवानगी घ्यायला विसरू नये.

तोवर घड्याळ घेणाऱ्यांनी काही गोष्टी पाहून घ्याव्यात. ते पाण्यात चालतं का? सोबत फोन जवळ असावा लागतो का? उगाच वाजलं तर आजींना ते स्वतः थांबवता येतं का? आणि पहिला फोन कुणाला जाणार? पुण्यातल्या मुलाला तो गेला, तरी पनागरला पोहोचायला त्याला दिवस लागेल. तेव्हा त्या यादीत शेजारच्या वहिनींचा नंबर सर्वांत वर असू द्या, आणि दाराची एक किल्ली त्यांच्याकडे.