भाषा कोणती, सर?

2021 च्या जुलैत अमेरिकेतल्या स्क्रिप्स नॅशनल स्पेलिंग बीची अंतिम फेरी झाली. तिच्यातले दोन शब्द माझ्या मनातून अजून गेलेले नाहीत. उपविजेती मुलगी 'नेरोली ऑइल'वर अडली आणि लुइझियानाच्या 14 वर्षांच्या झैला अवान्त-गार्डनं 'मुराया' अचूक सांगून स्पर्धा जिंकली. नेरोली म्हणजे कडू संत्र्याच्या फुलांचं तेल. मुराया म्हणजे आपली कुंती. कढीपत्ता, आमच्याकडचा गोडनिंब, तोही वनस्पतिशास्त्रात बराच काळ मुरायाच होता. संत्रा, निंबू, कुंती, गोडनिंब, बेल, सगळी एका कुळातली. मध्यप्रदेशातल्या पांढुर्ण्यात वाढलेल्या माणसाला हे वाचून काय वाटलं असेल! इतक्या दूरच्या मंचावर आमच्या परसातली झाडं उभी होती.

बाहेरच्यांना पांढुर्णा म्हटलं की पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर होणारी गोटमार, ती दगडफेकच आठवते. हे मला लागतं. माझं पांढुर्णा म्हणजे संत्र्याचा आंबिया बहार. थंडीत बागेचं पाणी तोडतात, झाडाला ताण देतात. पानं मलूल होतात, नवख्याला वाटतं बाग गेली. मग पाणी सोडलं की काही दिवसांत फांदीफांदीवर पांढऱ्या कळ्या. त्या दिवसांत संध्याकाळी रस्त्यावरून जाताना बोलणं आपोआप हळू होतं. नेरोलीची बाटली मी कधी हुंगलेली नाही, हुंगावीशीही वाटत नाही.

ही अमेरिकन स्पर्धा 1925 पासूनची. पहिल्या वर्षी फ्रँक न्यूहाउसर नावाचा 11 वर्षांचा मुलगा 'ग्लॅडिओलस' सांगून जिंकला. म्हणजे सुरुवातही फुलानंच. 1985 मध्ये बालू नटराजन हा भारतीय वंशाचा पहिला विजेता ठरला आणि पुढे तर ही आपल्या मुलांचीच स्पर्धा झाली. 2019 मध्ये शब्द संपत आले, मुलं हटेनात, शेवटी आठ जणांना एकत्र विजेते ठरवावं लागलं. त्यांत सुखटणकर हे आडनाव वाचून मी हरखले. पण मला त्या मुलांच्या पाठांतराहून त्यांचा एक हक्क जास्त आवडतो. शब्द ऐकल्यावर मूल थांबून विचारू शकतं: अर्थ काय? वाक्यात वापरून दाखवा. आणि, हा शब्द कोणत्या भाषेतून आला?

आमच्या हिंदी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी सहावीपासून होतं. शनिवारी बालसभा असे. गाणी, गोष्टी झाल्या की सर दोन ओळी समोरासमोर उभ्या करत आणि स्पेलिंगांची अंत्याक्षरी लावत. एकानं टी-ए-बी-एल-ई म्हटलं की समोरच्यानं ई वरून शब्द द्यायचा. इंग्रजीचे कितीतरी शब्द ई वरच येऊन थांबतात, हे आम्हाला व्याकरणाच्या कुठल्याही पुस्तकाआधी कळलं. एलिफंट, एग, इयर भराभर संपत. म्हणून ई-वाय-ई हा शब्द पोरं जपून ठेवत: ई घ्यायचा आणि ई च परत द्यायचा. अक्षरांनी शब्द पाठ करायचे तर पोरं ते मनात मराठीसारखे वाचत, 'वेडनेसडे', 'कनोवलेडगे', आणि तोंडानं नीट म्हणत. 'बॉक्स' म्हणून एक्स समोर टाकणारी एक मुलगी होती, तिच्याशी सामना नको वाटे. एक्स-रे एकदा वापरला की पुढे हातात काहीच उरत नसे.

एका शनिवारी अंत्याक्षरीऐवजी सरांनी इमला, म्हणजे हिंदीचं श्रुतलेखन, घेतला. आम्ही पाट्या नाही, कॉप्या काढल्या. सरांनी सावकाश शब्द सांगायला सुरुवात केली. तिसरा की चौथा शब्द होता 'शक्ति'. मोहगावकडून येणारा एक मुलगा मागच्या रांगेत उभा राहिला. म्हणाला, "सर, हिंदीवाला लिखूँ या मराठीवाला?" वर्ग हसला. सर हसले नाहीत. तेही घरी मराठीच बोलणारे, सुट्टीत आमच्याशी "काऊन रे, डबा नाही आनला?" असं बोलणारे. ते फळ्याकडे वळले, मधोमध उभी रेघ मारली, डावीकडे 'शक्ति' लिहिलं, उजवीकडे 'शक्ती'. मग म्हणाले, "आता तुम्ही सांगा." आणि शब्द येऊ लागले. कवि, कवी. गुरु, गुरू. वस्तु, वस्तू. कुणी तरी 'फूल' म्हटलं, ते दोन्हीकडे सारखंच निघालं, तेव्हा वर्ग हिरमुसला. सर म्हणाले, थांबा. डावीकडे लिहिलं 'फूलों का', उजवीकडे 'फुलांचा'. दीर्घ ऊ आमच्यासमोर ऱ्हस्व झाला. मधली सुट्टी झाल्याची घंटाही कुणाच्या कानात गेली नाही. त्या मुलाला सरांनी हाक मारून पुढे बोलावलं, खडू त्याच्या हातात दिला आणि स्वतः बाकावर जाऊन बसले. मी अनेक शाळा, अनेक भाषणं, अनेक प्रशिक्षणवर्ग पाहिले. भाषेचा याहून चांगला तास पाहिला नाही.

आजोबा सौंसरला राहत. त्यांची पोस्टकार्डं येत, त्यांत 'नांव', 'कांहीं' असे अनुस्वार पेरलेले आणि 'कवि', 'बुद्धि' चक्क ऱ्हस्व. म्हणजे फळ्याच्या डाव्या बाजूला जे हिंदीचं म्हणून होतं, ते आजोबांच्या मराठीतही होतं. ते नागपूर राजधानी असलेल्या मध्यप्रांतात शिकले होते. 1 नोव्हेंबर 1956 ला नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि आमचा छिंदवाडा जिल्हा मध्यप्रदेशात राहिला. पुढे मराठी साहित्य महामंडळानं केलेले शुद्धलेखनाचे 14 नियम महाराष्ट्र सरकारनं 1962 मध्ये मान्य केले, 1972 मध्ये आणखी चारांची भर पडली. अंत्य इकार-उकार दीर्घ झाले, न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. सीमेपलीकडच्या मुलांना ते नियम शाळेत मिळाले. आम्हाला ते नागपूरहून येणाऱ्या वर्तमानपत्रांतून, नरखेड-काटोलच्या मामे-मावसभावंडांच्या पत्रांतून मिळाले. आम्ही पाहून पाहून शिकलो, आणि असं शिकलेलं पक्कं राहतं असं माझं मत आहे.

2023 मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसर त्यात आलं. नव्या कार्यालयांच्या नव्या पाट्या लागल्या. गावाचं नाव कुठे 'पांढुर्णा', कुठे 'पांढुर्ना'. मला ण हवा. ढ नंतर जीभ जिथे असते तिथेच ण आहे.

आता इंग्रजी शाळांतून स्पेलिंग बीच्या परीक्षा होतात, मुलं शुल्क भरून बसतात, पदकं आणतात. आणू देत, मला त्यांचं कौतुक आहे. पण सौंसर-पांढुर्ण्याच्या शिक्षकांना माझं एक मागणं आहे. हिंदी दिवस 14 सप्टेंबरला शाळेत साजरा होतोच. 27 फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, दोन्ही भाषांचं मिळून एक श्रुतलेखन घ्या. फळ्यावर उभी रेघ मारा. आणि शब्द ऐकल्यावर मुलानं हात वर करून भाषा विचारली, तर त्याला उत्तर द्या. शब्द निवडून द्यायला मी येईन.