सदाफुलीतले औषध

भंडाऱ्यात सदाफुलीवाचून असलेले अंगण क्वचितच सापडेल. थोरल्या बंधूंना लसिकाग्रंथींचा कर्करोग झाला आणि नागपूरच्या डॉक्टरांच्या कागदावर व्हिनक्रिस्टिन हे नाव दिसले, तेव्हा मी वहिनींना म्हणालो, "हे औषध मुळात आपल्या सदाफुलीतले." त्यांनी लगेच विचारले, "मग भाऊजी, पानांचाच रस काढून दिला तर?"

प्रश्न भाबडा नव्हता. मधुमेहासाठी रोज सकाळी ही पाने चावणारे आमच्या गल्लीतच आहेत. माझे आयुष्य रसायनशास्त्र शिकवण्यात गेलेले. उत्तर साहजिकच लांबले.

कॅनडातले रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर हेही मधुमेहावरचेच औषध शोधत होते. सदाफुलीचा अर्क पोटात देऊन उंदरांची रक्तशर्करा उतरली नाही. शिरेतून दिला तेव्हा मात्र पांढऱ्या पेशी घटल्या. त्यातून १९५८ मध्ये व्हिनब्लास्टिन पुढे आले. त्याच्या एका ग्रॅमसाठी सुमारे ५०० किलो वाळलेली पाने लागतात. व्हिनक्रिस्टिन तर त्याहून विरळ, म्हणून रसायनज्ञ व्हिनब्लास्टिनपासूनच ते घडवतात. त्यासाठी क्रोमियमयुक्त ऑक्सिडीकारक वापरतात आणि तापमान शून्याखाली सुमारे ६० अंश ठेवतात. एवढी थंडी कशाला? अवाढव्य रेणूचा एकच कोपरा बदलावा, बाकीचा शाबूत राहावा, म्हणून. नायट्रोजनला चिकटलेल्या मिथिल गटातले दोन हायड्रोजन जातात, एक ऑक्सिजन येतो. बस्स. पण तेवढ्याने औषधाचा स्वभाव पालटतो: व्हिनब्लास्टिनचा मुख्य त्रास अस्थिमज्जेला, व्हिनक्रिस्टिनचा नसांना. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या साहाय्याने सिप्लाने ही दोन्ही औषधे १९८४ मध्ये भारतात तयार केली, याचा मला आजही अभिमान वाटतो.

पानात शंभरावर अल्कलॉइडे असतात. वाटीभर रसात कोणते किती उतरले, हे कोण मोजणार? व्हिनक्रिस्टिन तर फक्त शिरेतून देतात, आणि प्रौढांनाही एका वेळी सहसा २ मिलिग्रॅमच्या वर नाही.

वहिनींनी रसाचा विषय सोडला आणि एक वही घातली. तिसऱ्या फेरीनंतर दादांची बोटे बधिर झाली, सदऱ्याची गुंडी लागेना. पोटही साफ होईना. अशा तक्रारी वयावर ढकलण्याची आपल्याकडे सवयच आहे. वहिनींनी त्या तारखेसह लिहिल्या आणि पुढच्या खेपेस वही डॉक्टरांसमोर ठेवली. त्यांनी ती शांतपणे वाचली, दादांना टाचांवर चालून दाखवायला सांगितले आणि मात्रा कमी केली.