जिना झाडण्याचा आठवडा

श्टुटगार्ट हे जर्मनीच्या नैर्ऋत्येकडचे मोटारींचे शहर. मर्सिडीझ, पोर्शे आणि बॉश यांची मुख्यालये याच परिसरात आहेत, त्यामुळे पुण्या-मुंबईच्या अभियांत्रिकी पदवीधरांना त्याची ओळख करून द्यावी लागत नाही. मुंबईशी त्याचे भगिनीशहराचे नाते १९६८ पासूनचे. पण विद्यार्थी त्या नात्याखातर येत नाहीत, ते मास्टर्ससाठी येतात. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नसते. श्टुटगार्ट ज्यात येते त्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याने मात्र २०१७ च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्रामागे १५०० युरो आकारायला सुरुवात केली.

व्हिसासाठी वर्षभराचा खर्च ब्लॉक्ड अकाउंटमध्ये आधीच भरावा लागतो. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो झाली आणि खात्यातून महिन्याला ९९२ युरोच हाती येऊ लागले. अनेक घरांत हे पैसे कर्जाचे असतात. त्यामुळे पहिले काही महिने कॉफीच्या पेल्याचाही मनातल्या मनात रुपयांत हिशेब होतो.

मग खोली. वसतिगृहाची प्रतीक्षायादी लांब, म्हणून बरेच जण ‘वेगे’मध्ये, म्हणजे चार अनोळखी माणसांनी मिळून भाड्याने घेतलेल्या घरात, एखादी खोली मिळवतात. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगर कार्यालयात नोंदणी करायची असते आणि तिच्यासाठी घरमालकाच्या सहीचे पत्र लागते. पत्रपेटीवर आणि बेलवर आडनाव लावणे हे पहिल्या दिवसाचे काम, कारण पत्त्यात सहसा फ्लॅटचा नंबर नसतो. पोस्टमन आडनावच शोधतो. ते लावायचे राहिले, तर बँकेचे कार्ड, कर क्रमांक, विम्याची कागदपत्रे सगळे आल्या वाटेने परत जाते.

स्वयंपाकाची अडचण वाटते तितकी मोठी नसते. तूरडाळ आणि कणीक भारतीय दुकानांत मिळते, आणि क्वार्क नावाचे स्थानिक चीज चक्क्याच्या जागी वापरून पाडव्याचे श्रीखंडही होते. रविवारी दुकाने बंद. शनिवारी संध्याकाळपर्यंत सामान भरले नाही, तर रेल्वे स्थानकातल्या दुकानांत जास्त पैसे मोजायचे, एवढेच.

खरा धडा जिन्यात असतो. श्वाबियन प्रदेशात, म्हणजे श्टुटगार्ट आणि आसपास, ‘केरवोखे’ची जुनी प्रथा आहे. इमारतीतल्या कुटुंबांनी आठवड्यागणिक आळीपाळीने जिना झाडायचा आणि पुसायचा. ज्यांचा आठवडा, त्यांच्या दारावर एक पाटी लटकते. काम झाले की ती पुढच्या दाराकडे जाते. मोठ्या पाळीत तळघर, अंगण आणि घरापुढचा फूटपाथही येतो, आणि हिवाळ्यात त्यावरचे बर्फ सकाळी लवकर बाजूला करावे लागते. भाडेकराराचीच अट असल्यामुळे विद्यार्थी म्हणून सूट नसते, परीक्षा आहे म्हणूनही नसते. कोपरे राहिले, तर खालच्या मजल्यावरच्या आजीबाई सांगायला येतात.

सोसायटीचा जिना कोण झाडतो, हा प्रश्न मराठी मध्यमवर्गीय घरातल्या मुलाला सहसा पडलेला नसतो. सकाळी कुणीतरी येते, बादली वाजते, महिन्याचा पगार मेंटेनन्समधून जातो. त्या माणसाचे आडनाव बहुतेकांना माहीत नसते, आणि ते माहीत असते तर कामाची वाटणी जातीवरून कशी झाली आहे हेही दिसले असते. पाटी दारावर लागते तेव्हा हा मुलगा किंवा मुलगी इंजिनिअर असूनही पोछा पिळायला शिकते. कुणी व्हिडिओ कॉलवर आईला विचारते, कुणी घरी सांगायचेच टाळते. जर्मनीत श्रमाला प्रतिष्ठा आहे असे यावरून म्हणायची घाई मात्र करू नये. विद्यापीठाच्या इमारती आणि कंपन्यांची ऑफिसे भाडेकरू झाडत नाहीत. ती कंत्राटी कामगार झाडतात, आणि त्यांत स्थलांतरित बायका पुष्कळ असतात. अनेक इमारतींत केरवोखेही आता कंपनीकडे सोपवले आहे आणि त्याचा खर्च भाड्यात येतो.

श्टुटगार्ट विद्यापीठाचा मोठा भाग शहराच्या फायहिंगन भागात आहे. मुख्य स्थानकापासून एस-बान या उपनगरी रेल्वेने दहाएक मिनिटे. तास संपला की विद्यार्थी टाळ्या वाजवत नाहीत, बाकावर बोटांच्या पेरांनी ठकठक करतात. पुष्कळ तासांना हजेरी नसते. बऱ्याच विषयांचे सगळे गुण सत्राअखेरीच्या एकाच परीक्षेवर असतात, आणि तिच्यासाठी मुदतीत स्वतः नाव नोंदवावे लागते. १.० हा सर्वोत्तम गुण, ४.० ला उत्तीर्ण, ५.० म्हणजे नापास. नापासांना मोजक्याच संधी मिळतात आणि शेवटचीही हुकली, तर तोच अभ्यासक्रम देशात इतरत्रही बंद होऊ शकतो. इंटर्नल्स आणि सबमिशनच्या धाकात वाढलेल्यांना हे स्वातंत्र्य पहिल्या सत्रात महागात पडते.

डिसेंबरात साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. घड्याळ भारताच्या साडेचार तास मागे, उन्हाळ्यात साडेतीन. संध्याकाळी सहाला वर्गातून बाहेर पडणाऱ्याच्या घरी साडेदहा वाजलेले असतात, म्हणून फोन बहुधा शनिवार-रविवारवर जातो.

मार्च २०२४ पासूनच्या नियमांनुसार विद्यार्थी वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस नोकरी करू शकतात. कारखान्यातल्या वेर्कश्टुडंटच्या, म्हणजे शिकता शिकता अर्धवेळ काम करणाऱ्या विद्यार्थ्याच्या, जागेसाठी सहसा जर्मन भाषा लागते. इंग्रजीवर भागेल या भरवशावर आलेल्यांची इथेच अडचण होते. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिन्यांचा परवाना मिळतो. खोली सोडताना घरमालक भिंती, ओव्हन आणि नळांवरचे क्षारांचे डाग तपासतो आणि मग डिपॉझिटचा हिशेब करतो. ते तीन महिन्यांच्या मूळ भाड्याहून जास्त घेता येत नाही, परत मिळायला मात्र काही महिने लागू शकतात. भारतात परतणाऱ्याला नगर कार्यालयातली नोंद रद्द करून घ्यावी लागते. म्युनिकला नोकरी लागलेल्याला ती वेगळी रद्द करावी लागत नाही. तिथली नवी नोंदणी पुरते.