मुंबई दाखवणारी मामी

सत्तरच्या दशकात घाटावर वाढलेल्या आमच्या पिढीला मुंबई बघायची, तर मुंबईत आपलं माणूस असावं लागे. हॉटेलात उतरण्याचा विषय घरात निघतच नसे. कुणाची मावशी परळला, कुणाचे काका डोंबिवलीला. पण ज्याची मामी गिरगावात, त्याचा वर्गातला भाव एकदम वधारे. गिरगावातून चौपाटी पायी, चर्नी रोड स्टेशन पायी आणि उरलेली मुंबई बेस्टच्या बसनं. मोटार कुणाकडेच नव्हती, आणि नाही म्हणून कुणाचं अडतही नसे.

परीक्षा संपली की मामांना पोस्टकार्ड जाई. उत्तर येई मामांच्या अक्षरात, मजकूर मात्र मामीचा: राणीची बाग बुधवारी बंद, घारापुरीची लेणी सोमवारी बंद, तेव्हा त्या हिशेबानं निघावे, येताना मेतकूट आणावे. ट्रंक आणि वळकटी सांभाळत आम्ही एस.टी.नं मुंबई सेंट्रलला उतरायचो. चाळीतल्या दोन खोल्यांत आधीच सहा माणसं असत. आमची भर पडली की पुरुषांची अंथरुणं गॅलरीत जात.

मामीचा बेत पक्का असे. पहिला दिवस जवळचा: दुपारी 1951 साली सुरू झालेलं तारापोरवाला मत्स्यालय, मग बसनं मलबार हिल. हँगिंग गार्डनखाली पाण्याची टाकी आहे हे खरंच वाटत नसे. समोरच्या कमला नेहरू पार्कात म्हातारीच्या बुटात चढायला मुलांची रांग. उतरायचं दिवे लागल्यावरच, म्हणजे वरून राणीचा रत्नहार दिसतो. दुसऱ्या दिवशी गेटवेहून लाँच. तासाभराचा प्रवास, पुढे सुमारे 120 पायऱ्या, म्हणून घारापुरीला सकाळीच निघायचं. पावसाळ्यात समुद्राचा भरवसा नाही, म्हणून यायचं तेही मे महिन्यातच. भायखळ्याच्या राणीच्या बागेला सबंध दिवस. ही बाग 1862 सालची. शेजारीच भाऊ दाजी लाड संग्रहालय, त्यामुळे उन्हाच्या वेळी डोक्यावर छप्पर मिळे.

लोकलचे तिचे नियम आमच्याकडून घोकून घेतले जात. सकाळची गर्दी चर्चगेटकडे जाते, तेव्हा दादरला जायचं तर खुशाल जा, बसायला जागा मिळेल. मात्र संध्याकाळी पाचनंतर तीच गाडी आपली नाही. चुकामूक झाली तर? जो फलाटावर राहिला त्यानं तिथून हलायचं नाही. जो गाडीत चढला त्यानं पुढच्या स्टेशनवर उतरून उभं राहायचं. परत आणायला मोठं माणूस येईल. मोबाइल नसलेल्या काळात एवढ्या दोन वाक्यांवर सगळी मुलं सुखरूप घरी येत.

डबल डेकरच्या वरच्या मजल्यावरची अगदी पुढची बाकं पकडायला आम्ही जिन्यात धक्काबुक्की करायचो. मरीन ड्राइव्हवर ती बस वळली की समोर नुसता समुद्र. खाली कंडक्टर तिकिटं पंच करत टिकटिकत वर यायचा, तोवर आईनं रुमालाची गाठ सोडून सुटे पैसे मोजून ठेवलेले असत. पिशवीत तिखटमिठाच्या पुऱ्या, बटाट्याची कोरडी भाजी, फिरकीचा तांब्या. भेळ फक्त शेवटच्या दिवशी, चौपाटीवर.

निघताना आई दरवेळी म्हणे, "वहिनी, आज तुम्हीही चला."

"पुढच्या खेपेला नक्की हो, वन्सं. आता पाणी येईल. आणि तुम्ही दमून याल, तेव्हा आयता स्वैपाक नको का?"

ती गॅलरीच्या कठड्याशी उभी राहून कुठल्या स्टॉपवर उतरायचं ते पुन्हा सांगे. आम्ही जिना उतरलेलो असू. त्या वयात आम्हाला तिचं न येणं खटकलंही नाही. पुढे समवयस्कांशी बोलताना ध्यानात आलं, की अशी मामी, काकू, आत्या घरोघर होती. लाँचचं भाडं तिला तोंडपाठ, लेण्यातली त्रिमूर्ती मात्र पाहिलेली नाही. मे महिना म्हणजे पाहुण्यांचा, दिवाळी फराळाची, गणपती कोकणातल्या घरचे. मुंबईत जन्म काढून मुंबई बघायला तिला कुणी सुट्टी दिली नाही.

जुन्या डबल डेकर 2023 साली रस्त्यावरून गेल्या. 2025 पासून गिरगावाखालून मेट्रो धावते. नातवंडं फोनवर बघून दोन दिवसांची मुंबई आखतात, तीही मोटारीवाचून, आणि आम्हाला विचारतात की तुम्ही हे सगळं कसं जमवायचात. जमवायची ती मामी. ज्यांच्या घरी ती अजून आहे, त्यांनी या खेपेला तिचंही तिकीट काढावं. घारापुरीला डोलीची सोय आहे. सोमवार टाळा, हे ती स्वतःच सांगेल.