सव्वाचा भारांक

घोडेगावच्या आमच्या घराला माडी आहे. मुलगा पुण्याला गेल्यापासून तिच्यावर कुरडया-पापडांखेरीज कोणाचा वावर नव्हता. तालुक्याचं गाव, त्यामुळे तहसील, न्यायालय, आदिवासी विकासाचं प्रकल्प कार्यालय यांच्या कामाला डोंगरातून माणसं येतात. आहुप्याकडची शेवटची एसटी चुकली की त्यातलं कोणीतरी ओळखीने माडीवर झोपायचं. पैशांचा विषय निघत नसे. पैशांचा विषय मुलाने आणला. त्याने माडीचे फोटो काढून बुकिंगच्या ॲपवर टाकले, आणि श्रावणात भीमाशंकरला जाणारी कुटुंबं रात्रीच्या मुक्कामाला येऊ लागली. भाडं दीड हजार.

मी निवृत्त शिक्षिका. नोंदवही नसलेलं काम मला झोपू देत नाही. तेव्हा आधी ग्रामपंचायतीत गेले, नमुना आठचा उतारा आणि ना-हरकत दाखला मागायला. घर गावठाणात असल्याने बिनशेतीचा प्रश्न आला नाही. भाऊसाहेबांनी विचारलं, "बाई, माडी भाड्याने देताय की पाहुणे ठेवताय?" मला वाटलं गंमत करतायत. पण प्रश्न कामाचा होता. ग्रामपंचायतीच्या घरपट्टीत वापराला भारांक असतो: राहत्या घराला एक, व्यापारी वापराला सव्वा. माडी कोणत्या रकान्यात घालायची, हे त्यांना ठरवायचं होतं.

पर्यटन विभागाची निवास व न्याहारी योजना याच्या नेमकी उलट बाजूने विचार करते. मालक स्वतः त्या घरात राहत असेल, खोल्या मोजक्या असतील, तर त्या घराकडे लॉज म्हणून नव्हे, घर म्हणूनच पाहायचं, हा तिचा मूळ विचार. मला तो पटतो. पाहुण्यांनी माझ्या हातची भाकरी खाल्ली म्हणून माझं स्वयंपाकघर हॉटेल होत नाही. (अन्नसुरक्षेच्या कायद्याला मात्र ते तसंच दिसतं. वर्षाची उलाढाल ठरलेल्या मर्यादेच्या आत असेल तर परवाना नको, पण शंभर रुपये भरून नोंदणी हवीच, असं मला सांगण्यात आलं. मी ती केली.)

मग कर. आमच्या सीएंनी कागदावर मांडून दाखवलं तेव्हा मी दोनदा चष्मा पुसला. सेवा पुरवणाऱ्याला वर्षाला वीस लाखांपर्यंत जीएसटीची नोंदणीच लागत नाही, आणि माझी माडी त्या आकड्याच्या आसपासही जाणार नाही. पण बुकिंग ॲपवरून झालं, तर माझ्याऐवजी ॲपच तो कर गोळा करून भरतं. खोलीचं भाडं साडेसात हजारांच्या आत असलं तर पूर्वी बारा टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून पाच टक्के. म्हणजे ॲपवरून आलेल्या कुटुंबाने दीड हजारावर पंचाहत्तर रुपये दिले, आणि त्याच खोलीत त्याच दिवशी फोन करून कोणी आलं असतं तर शून्य. खोली तीच, गादी तीच, चहाही तोच. सीए म्हणाले, "असंच आहे." आयकराचं वेगळं. ॲप पैसे देताना ०.१ टक्का कापून ठेवू शकतं, पण वर्षाची रक्कम पाच लाखांच्या आत असेल आणि पॅन दिलेला असेल तर तेही नाही. उत्पन्न मात्र विवरणपत्रात दाखवायचंच.

या शेवटच्या वाक्यावर आमचे भाऊजी अडले. त्यांची दिंभ्याच्या रस्त्याला जमीन आहे आणि २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाखाली त्यांना केंद्र काढायचं होतं. "वहिनी, शेतीच्या उत्पन्नाला कर नाही, मग शेतावरच्या पर्यटनाला कसा?" सीएंनी शांतपणे सांगितलं: शेतातला बटाटा विकला तर ते शेतीचं उत्पन्न, त्याच शेतात खोली बांधून माणूस झोपवला तर तो धंदा. भाऊजी दिवसभर गप्प होते.

याहून गंभीर गोष्ट वरच्या पट्ट्यातली. पाऊस सुरू झाला की पुण्यामुंबईची माणसं आहुपे, भीमाशंकरच्या बाजूला जागा शोधत फिरतात: "मालकी नको, दहा वर्षं भाडेपट्टा द्या, आम्ही होमस्टे काढतो." जमीन महादेव कोळी कुटुंबाची असते. जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगर आदिवासीकडे परवानगीशिवाय जाऊ शकत नाही, विक्रीने नाही तशी भाडेपट्ट्यानेही नाही. नोटरीच्या शिक्क्याने त्यात काही फरक पडत नाही. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी कोणी असा कागद घेऊन आलं की मी त्याला सरळ तहसिलात पाठवते. होमस्टे काढायचाच तर त्याने स्वतःच्या घरात, स्वतःच्या नावाने काढावा. पन्नास वर्षांपूर्वी केलेल्या या तरतुदीला त्या पट्ट्यात आज नवं काम मिळालं आहे, असं मला वाटतं.

पोलिसांची वही सोपी निघाली. नाव, पत्ता, ओळखपत्र, कुठून आले, कुठे जाणार. परदेशी पाहुणा असला तर चोवीस तासांत ऑनलाइन माहिती भरायची. फ्रान्सचं एक जोडपं आलं, त्यांचा फॉर्म भरताना मी त्यांना विचारलं, तुमच्याकडे काय पद्धत? बाई म्हणाली, रात्रीच्या मुक्कामावर वेगळा कर असतो आणि तो त्या गावच्या नगरपालिकेला जातो. ॲमस्टरडॅममध्ये तर २०२४ पासून तो साडेबारा टक्के आहे.

तिथून माझ्या डोक्यात हिशोब घुसला तो गेला नाही. माडीवरच्या माणसाचे पंचाहत्तर रुपये अर्धे दिल्लीला, अर्धे मुंबईला. त्याची आंघोळ, त्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या, त्याची गाडी गल्लीत आडवी लागलेली, हे सगळं घोडेगावच्या वाट्याला. वित्त आयोगाचा निधी गावाला येतो तो लोकसंख्या आणि क्षेत्रफळ पाहून, आणि श्रावणातल्या मुक्कामाच्या माणसाला जनगणनेत कोणी धरत नाही. गावाच्या हातात उरते ती घरपट्टी. आणि माझं घर सरकारदरबारी 'घर'च ठरलं, तर तीही एकच्याच भारांकाने. म्हणजे सवलत वरून जाहीर होते आणि जाते ग्रामपंचायतीच्या खिशातून.

हे मी ग्रामसभेत बोलले. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२४ मध्ये यात्राकर आहे, हॉटेल चालवण्यावरचा कर आहे. त्यातून खोलीमागे रात्रीला दहा-वीस रुपये गावाने घ्यावेत, पावती द्यावी, आणि तो पैसा कचऱ्याच्या गाडीलाच लावावा. मागून आवाज आला, "बाई, तुम्हाला परवडतं, आमच्या एकाच खोलीवर कशाला कर?" त्यातही खोटं नव्हतं. एक खोली देणारी विधवा आणि रस्त्यालगत आठ खोल्यांचा मालक यांना एकाच पावतीत बसवायचं कसं, याचं उत्तर माझ्याकडे तयार नव्हतं. विषय पुढच्या सभेवर गेला.

तोवर माझ्या माडीचा रकाना मी भाऊसाहेबांना व्यापारी करायला सांगितला. खालचं घर एक, माडी सव्वा. त्यांनी पेन हातात धरून विचारलं, "नक्की ना? पुन्हा कमी करायला अर्ज आणाल." मी म्हटलं, आणणार नाही. मुलगा फोनवर चिडला. पुढच्या आठवड्यात त्यानेच ॲपवरचं भाडं पन्नास रुपयांनी वाढवलं.